तिसऱ्या रांगेतले काका

आमचे घरमालक कशावरही सही करत नसत. पार्सल घेऊन आलेल्या माणसाच्या यंत्रावर बोटानं रेघ ओढायलासुद्धा त्यांची तयारी नसे. मी पीएच.डी.साठी अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावी आले आणि त्यांच्या घराचा वरचा मजला बघायला गेले, तेव्हा खोली आवडल्यावर मी भाडेकराराचं विचारलं. त्यांनी हात पुढे केला. मला वाटलं पेन मागताहेत, म्हणून मी पेन दिलं. त्यांनी ते शर्टाच्या खिशात टाकलं आणि पुन्हा हात पुढे केला. हस्तांदोलन झालं, करार संपला. ते पेन मला चार वर्षांत परत मिळालं नाही.

ड्रायव्हिंग लायसन्ससाठी पत्त्याचा पुरावा लागला तेव्हा मी रडकुंडीला आले. कागद द्यायला नकार, पण स्वतः मात्र ते माझ्याबरोबर त्या ऑफिसात आले. इस्त्रीचा शर्ट, आणि ऐंशीच्या घरातही दाट असलेल्या पांढऱ्या केसांचा तेल लावून वर वळवलेला कोंबडा. खिडकीतल्या बाईला म्हणाले, “ही माझ्या घरी राहते. मी इथे उभा राहून सांगतोय. आणखी काय हवं?” बाईला कागदच हवा होता. शेवटी माझ्या बँकेच्या आणि फोनच्या पत्रांवर काम भागलं, पण येताना बसमध्ये ते, आपल्यामुळेच झालं अशा थाटात बसले होते.

“काका, सही करायला एवढं काय होतं तुम्हाला?” मी विचारलं.

“एकदा केली होती,” ते म्हणाले. “पुरली.”

काका हे नाव आईनं लावून दिलेलं. मी त्यांना अमेरिकन रिवाजाप्रमाणे पहिल्या नावानं हाक मारते हे फोनवर ऐकून ती उडालीच. “वडीलधाऱ्या माणसाला नावानं काय हाक मारतेस? काका म्हण. आजोबा म्हटलेलं गोऱ्यांना आवडतं की नाही कोण जाणे.” मी त्यांना अर्थ सांगितला. ते विचारात पडले. म्हणाले, “हे नाव कोणाच्या मालकीचं आहे?” मी म्हटलं, कोणाच्याच नाही, कोणीही कोणाचाही काका होऊ शकतो. हे त्यांना इतकं आवडलं की पोस्टमनलाही त्यांनी आपल्याला काकाच म्हणायला लावलं.

माझ्यासारखीच वर भाड्यानं राहणारी माझी रूममेट नागपूरची. आम्हा दोघींना काकांबद्दल एवढंच ठाऊक होतं की त्यांनी तीस-पस्तीस वर्षं शाळेची बस चालवली, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यापासून स्टिअरिंगला हात लावलेला नाही. “मी पुष्कळ लोकांना पोचवलं. आता मला कोणीतरी न्यावं,” असं त्यांचं म्हणणं. मी एक जुनीपुराणी गाडी घेतल्यावर तो मान अर्थातच माझ्याकडे आला.

रोज दुपारी चार वाजता ते तळघरात उतरत आणि कपडे धुण्याच्या मशीनसमोर उभे राहून वीस मिनिटं नुसता ‘आ’ लावत. खालून वर, वरून खाली. गाणं कधीच नाही. सुरुवातीला आम्हाला वाटलं, यांना दम्याचा काहीतरी व्यायाम दिलेला असावा. विचारलं तर म्हणाले, “आवाज म्हणजे कुत्रा. रोज फिरवून आणला नाही तर घर घाण करतो.” बस चालवणाऱ्या माणसानं आवाज कशाला पाळायचा, हे काही आम्ही विचारलं नाही. अमेरिकेत माणसं काहीही पाळतात.

शनिवारी आम्ही तिघं मिळून मोठ्या दुकानात किराणा आणायला जायचो. तिथे छतातून जुनी गाणी लागलेली असतात, ज्यांच्याकडे कोणाचंच लक्ष नसतं. एकदा फ्रोजन मटारापाशी काका थांबले. डोक्यावरची टोपी काढली, दोन्ही हात ट्रॉलीच्या दांडीवर ठेवले आणि निश्चल उभे राहिले. माझी रूममेट घाबरली. “काका, आर यू ओके? पाणी आणू का?” त्यांनी बोटानं तिला गप्प केलं. वर कुणीतरी पोरगा झपाट्यानं गात होता, मागे गिटार आणि टाळ्या. गाणं संपल्यावर त्यांनी टोपी घातली.

“गाणं चालू असताना पाठ फिरवू नये,” ते म्हणाले. मग मला, “कसं वाटलं?”

“छान आहे,” मी म्हटलं. पुण्याची असल्यामुळे मला तेवढ्यावर थांबता आलं नाही. “पण तो मुलगा जरा घाईत गातोय.”

काका एवढे हसले की मटारवाल्या बाजूची माणसं वळून बघायला लागली. “एकोणीस वर्षांचा आहे. घाईत असणारच.”

रविवारी सकाळी माझा आईला व्हिडिओ कॉल असे आणि काका तेव्हा आमच्या टेबलाशी थालीपिठावर मेपल सिरप ओतून खात बसलेले असत. आईनं ते एकदा पाहिलं आणि मला मराठीत म्हणाली, “त्यांना बघू देऊ नकोस, पण मला बघवत नाही.” एका रविवारी तिनं माझ्या मावसबहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ लावून दाखवला. नवरा ताटातल्या तांदळात अंगठीनं काहीतरी लिहीत होता. काकांनी मान वळवून विचारलं, हे काय चाललंय. मी सांगितलं, मुलीचं नवं नाव. आता सासरी ती या नावानं ओळखली जाणार.

“तिनं सही केली?”

“सही नसते हो. तांदळात लिहितात.”

त्यांनी काटा खाली ठेवला आणि थेट आईलाच विचारलं, “तुझंही बदललं होतं?”

आईला असं कोणी आजवर विचारलं नसावं. आधी ती लाजली, मग तिच्या सावकाश इंग्रजीत सांगू लागली. ती माहेरची नलिनी. पण सासरी आधीच एक नलिनी होती, माझी आत्या, म्हणून हिचं बदललं. “पहिलं वर्षभर कोणी हाक मारली तरी मी ओ देत नसे. मग एक दिवस दिली. तेव्हापासून हेच माझं नाव.”

“आणि ती नलिनी?” काका.

आई म्हणाली, “माझा भाऊ येतो ना घरी, तेव्हा येते.”

चोवीस वर्षांत मी आईला हे विचारलं नव्हतं, याची मला त्या दिवशी लाज वाटली. काकांनी मात्र त्यानंतर कॉलवर तिला दर वेळी ‘हॅलो, नॅलिनी’ असंच म्हटलं. ती पदर सारखा करायची, आणि मागून बाबांचा आवाज यायचा, “कोण नलिनी?”

दुसऱ्या उन्हाळ्यात त्यांनी मला पहिल्यांदा लांब न्यायला लावलं. दोन तासांवरच्या काउंटीची जत्रा होती. गाई-बकऱ्यांच्या स्पर्धा, मक्याची कणसं, आणि संध्याकाळी उघड्या मंचावर जुन्या गाण्यांचा कार्यक्रम. काका सरळ तिसऱ्या रांगेत जाऊन बसले. निवेदकानं आरोळी ठोकून एक नाव पुकारलं. अमेरिकेत अमुक एका वयाच्या माणसाला ते नाव घ्या, तो लगेच गुणगुणायला लागतो, इतकं प्रसिद्ध. चंदेरी कोट घातलेला सत्तरीचा एक गृहस्थ मंचावर आला. काळे केलेले केस आणि त्यांचा काकांसारखाच कोंबडा. चार गाण्यांनंतर त्यानं ते गाणं सुरू केलं आणि मी काकांना कोपरानं ढोसलं, “अहो, मटाराचं गाणं!” काका पुढे झुकून बोटांवर त्याचे श्वास मोजत होते. गाणं संपल्यावर त्या गृहस्थानं तिसऱ्या रांगेकडे बघून किंचित मान लववली. काकांनीही लववली.

परतताना गाडीत त्यांनी सांगितलं. अठराव्या वर्षी एका मॅनेजरनं त्यांना गायला उभं केलं आणि नवं नाव दिलं, कारण खरं नाव पोस्टरवर मावत नव्हतं. एका कागदावर सही घेतली. कागदात लिहिलं होतं की ते नाव मॅनेजरच्या मालकीचं. पुढच्याच वर्षी ते गाणं आलं आणि चार वर्षं नुसता धुमाकूळ. एकदा मुलींनी त्यांच्या कोटाची एक बाही फाडून नेली. त्यांची आई शर्टांच्या कारखान्यात शिवणकाम करायची, तिनं हाताशी होतं त्या दुसऱ्याच रंगाच्या कापडाची बाही लावून दिली. महिन्याभरात देशभरची पोरं दोन रंगांच्या बाह्या घालून हिंडू लागली. मग काकांना जरा संथ गाणी गावीशी वाटली, मॅनेजरला ती नको होती, आणि भांडण झालं. मॅनेजर म्हणाला, खुशाल जा, पण नाव इथे ठेवून जा.

“पुढे त्यानं दुसरा मुलगा शोधला. तोच हा,” काका म्हणाले. “मी माझ्या खऱ्या नावानं तीन गाणी केली. कोणी ऐकली नाहीत. का ऐकावीत? कोण होता तो?”

माझा पारा चढला होता. “तुम्हाला राग नाही येत?”

“वीस वर्षं आला. मग एकदा या जत्रेत आलो, त्याला ओरडून खाली उतरवायचंच असं ठरवून. आणि तो चांगला गायला.” ते खिडकीबाहेर बघत राहिले. “तिसऱ्या ओळीआधी तो श्वास घेतो. मला ते कधी सुचलं नाही.”

“तुम्ही बोललात त्याच्याशी कधी?”

“काय बोलणार? दोघांनी एकमेकांना एकाच नावानं हाक मारायची?”

हे सगळं इथेच राहिलं असतं तर बरं झालं असतं. पण चौथ्या हिवाळ्यात तो गृहस्थ वारला. माझ्या रूममेटनं त्याच्या गावच्या छोट्या वर्तमानपत्रातली बातमी लॅपटॉपवर काढून काकांसमोर ठेवली. वर फोटो होता एकोणीस वर्षांच्या पोराचा, आणि तो पोरगा म्हणजे काका होते. जुन्या जाहिरातीतून उचललेला फोटो. खाली चरित्र, तेही तिथूनच उचललेलं. काकांचं कोळशाच्या खाणींचं गाव, काकांची शर्ट शिवणारी आई, ती दुसऱ्या रंगाची बाही. शेवटी, दीर्घ आजारानंतर निधन. तो बिचारा खरा कुठे जन्मला, हे त्यात कुठेच नव्हतं. काकांनी चष्मा लावून सावकाश सगळं वाचलं.

“फोटो मोठा करता येतो का?” त्यांनी विचारलं. मी केला. खूप वेळ पाहून म्हणाले, “माझ्या आईचं नाव मात्र बरोबर लिहिलंय.” आणि तळघरात निघून गेले.

इथे मला आमच्या बाबांबद्दल सांगायला हवं. बाबा वर्तमानपत्रांना पत्रं लिहितात. पुलाचं साल चुकलं, रागाचं नाव चुकलं, की यांचं पत्र गेलंच. छापून आलेल्या पत्रांची एक फाइल आमच्याकडे आहे आणि पाहुण्यांची तिच्यातून सुटका नाही. मी आयुष्यभर त्या फाइलची टिंगल केली, आणि त्या दिवशी बाबांची मुलगी म्हणूनच लॅपटॉप उघडून बसले. ‘माननीय संपादक, आपल्या अंकातील वृत्तात गंभीर चूक आहे’, हे इंग्रजीत. जिन्याच्या भिंतीवर काकांचा त्यांच्या आईबरोबरचा फोटो होता, त्याच दोन रंगांच्या बाह्यांच्या कोटातला. तोही काढून जोडला.

“काय करून राहिली तू?” रूममेट म्हणाली. “आधी त्यांना विचार ना यार.”

“खऱ्याला विचारायचं काय असतं?” असं बाणेदार उत्तर देऊन मी ते पाठवून दिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातला फोन वाजला, त्या वर्तमानपत्राच्या कचेरीतून. मी पोहे परतत होते. काका ऐकत होते आणि माझ्याकडे बघत होते. मग म्हणाले, “नाही. मी शाळेची बस चालवायचो. हो, फोटोतला मुलगा माझ्यासारखा दिसतो खरा, त्या काळी सगळेच तसे दिसायचे. मुलगी चांगली आहे हो. लांबून आलीय. हिवाळा जड जातो तिला.”

फोन ठेवून त्यांनी मला विचारलं, “कोणाला विचारून लिहिलंस?”

“काका, ते तुमचं आयुष्य आहे!”

“हो. म्हणून मला विचारायचं.” त्यांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. “त्याच्या बायकोचा नवरा गेलाय. आता तिनं पेपरात काय वाचायचं, की तो खोटा होता? चाळीस वर्षं दर उन्हाळ्यात, उन्हातान्हात त्यानं ते गाणं जिवंत ठेवलं. मी चार वर्षं गायलो आणि निघून गेलो. खोटा कोण?”

पोहे करपले. पुढचे काही दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि त्या रविवारी थालीपीठ नको म्हणाले. काकांना आताशा भाऊ म्हणू लागलेली आई विचारत राहिली, “भाऊ कुठे आहेत?”

मग त्या गृहस्थाच्या बायकोचा, त्या बाईंचाच फोन आला. त्यांना सगळं आधीपासून माहीत होतं. नवऱ्यानं त्यांना तिसऱ्या रांगेतला माणूस दाखवून ठेवला होता, आणि काकांचा नंबरही लिहून ठेवला होता. त्यांचं मागणं दोन गोष्टींचं होतं. थडग्याच्या दगडावर ते गाजलेलं नाव कोरायचं आहे, कायद्यानं परवानगी मिळालेली आहे, पण तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी कोरणार नाही. आणि स्मरणसभेत तुम्ही ते गाणं म्हणाल का?

काका म्हणाले, “हो. कोरा.” थोड्या वेळानं, “हो, येईन.”

त्या दिवशी चार वाजता तळघरातून आवाज आला नाही. मी खाली गेले. ते उलट्या बादलीवर मशीनकडे तोंड करून बसले होते.

“काका, माझं चुकलं.”

“तू लिहिलंस ते खोटं नव्हतं,” ते म्हणाले. “तोच तर त्रास आहे. मी आत्ता तिला हो म्हणालो. साठ वर्षं मला वाटत होतं, एखाद्या दिवशी ते नाव मला परत मिळेल. कोणाला सांगितलं नाही, पण वाटायचं. आता ते दगडावर जाणार.” आणि ते रडले. मोठा माणूस हुंदका आवरत रडतो तसं. मी शेजारी जमिनीवर बसले आणि मीही रडले. माझ्या त्या बाणेदार पत्रात याबद्दल एक ओळही नव्हती.

स्मरणसभेला मीच घेऊन गेले. वाटेत धीर करून विचारलं, “तुमच्या दगडावर काय लिहायचं?”

“आईनं ठेवलेलं. फारसं वापरलेलं नाही, कोरंच आहे.”

सभा फायर स्टेशनच्या हॉलमध्ये होती. घडीच्या खुर्च्या, सँडविच, बटाट्याचं सॅलड. बाईंनी ‘ह्यांचे जुने मित्र’ एवढीच ओळख करून दिली. कुणीतरी पियानोवर सूर दिले आणि चार वर्षांत पहिल्यांदा मी काकांना गाताना ऐकलं. मटारापाशी ऐकलेलाच आवाज होता, फक्त घाई संपलेली. मी चहूकडे बघत होते. आता तरी कोणीतरी ओळखेल, दचकेल, शेजारणीला काहीतरी कुजबुजेल. माणसं रडत होती, पण रडत होती ती त्याच्यासाठी, पुढच्या टेबलावरच्या चंदेरी कोटासाठी. मला वाईट वाटलं, आणि तेवढ्यात असंही वाटलं की काकांना हेच हवं होतं.

नंतर आम्ही प्लेटा घेऊन उभे असताना एक ठेंगणी म्हातारी आमच्याकडे आली. जाकिटावर त्या गृहस्थाच्या फोटोचा बिल्ला. ती म्हणाली, तीस वर्षांत त्याचा एक उन्हाळा तिनं चुकवलेला नाही.

“तुम्ही छान गायलात,” ती काकांना म्हणाली. “राग मानू नका, पण शेवटची ओळ तुम्ही वर नेता. तो खाली सोडायचा. अगदी अलगद.”

रेकॉर्डवर ती ओळ वर जाते. जगभर तीच रेकॉर्ड वाजते. माझ्या तोंडात सॅलडचा घास होता म्हणून, नाहीतर मी काय बोलले असते देव जाणे. घास गिळला तेव्हाही मी बोलले नाही.

काकांनी प्लेट खुर्चीवर ठेवली. “कशी? म्हणून दाखवता?”

तिनं थरथरत्या आवाजात म्हणून दाखवली. काकांनी मान खाली घालून, डोळे मिटून ऐकली आणि हलकेच म्हटली. तिनं मान हलवली, नाही, अजून सावकाश. त्यांनी पुन्हा म्हटली. ती बोटानं ताल धरून उभी होती, शाळेतल्या बाईंसारखी. तिसऱ्या खेपेला त्यांनी तो सूर खाली आणला आणि सोडून दिला. आजूबाजूची दोन-तीन माणसं बोलायची थांबली.

“हं, आता बरोबर,” ती म्हणाली. “जवळजवळ त्याच्यासारखं.”